उलट्या पट्टीचा खांब

मुलांनो, डोळे मिटा. पुढे वाचायचंही आहे, तेव्हा एकच मिटा. आता कल्पना करा की तुमच्या अंगणात एक खांब आडवा पडला आहे. उभा केला तर घराच्या धुराड्याच्याही वर जाईल एवढा लांब. साल काढून, घासून, हात फिरवला तर घसरेल इतका गुळगुळीत केलेला. आणि बुंध्यापासून टोकापर्यंत त्याच्याभोवती पांढरी आणि निळी पट्टी गुंडाळत गेलेली. रंग ओला आहे, हात लावू नका. सांगा, हा खांब कशाचा?

मे-खांब, असंच म्हणालात ना? आमच्या बव्हेरियातलं कुठलंही पोर झोपेतसुद्धा हेच सांगेल. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी गावच्या चौकात उभा करतात, वर हिरव्या पानांचं कडं टांगतात, खाली बँड वाजतो, तो खांब. उत्तर चूक आहे. पण वाईट वाटून घेऊ नका. आमच्या अख्ख्या गावाचं, शेजारच्या गावाचं आणि पोलिसांचंही हेच उत्तर आलं होतं.

तो खांब माझ्या हॉपच्या वेलीचा होता.

हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी वेल. बिअर ही मोठ्यांची गोष्ट, ती आपण मोठ्यांवर सोडू. वेल मात्र सगळ्यांची. आमच्या एगलबाख गावाच्या चारी बाजूंना हॉपचीच शेतं आहेत. उन्हाळ्यात गाव हिरव्या भिंतींच्या आत हरवून जातं, आणि पोस्टमन नवा असेल तर तोही हरवतो. अशा गावात मी आयुष्यभर शाळामास्तर होतो आणि हॉपचं एक रोपसुद्धा कधी लावलं नव्हतं. समुद्रकाठच्या माणसाला पोहता येऊ नये, तसं हे आहे. कुणी विचारेपर्यंत लाज वाटत नाही.

विचारलं क्विरिननं. क्विरिन हा माझा मेहुणा आणि तोच माझा शेजारी. देवानं दोन संकटं एकाच माणसात बसवून जागा वाचवली आहे. त्याचा सगळा जन्म बिअर गाळण्यात गेला. जानेवारीत खानावळीत बसलो असताना मी सहज म्हणालो, की यंदाची बिअर जरा कमी कडू वाटते. क्विरिननं बिअरचा मग खाली ठेवला आणि म्हणाला, "दाजी, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्यात. स्वतः काय बनवलंत ते सांगा एकदा."

आजूबाजूचे हसले. हसण्यात माझे निदान चार विद्यार्थी होते. एरवी मी थंड डोक्याचा माणूस आहे. पण त्या हसण्यानंतर मी काय बोललो ते मला घरी आल्यावर बायकोकडून कळलं. पैज अशी होती: स्वतःची वेल, स्वतःचा खांब, स्वतःची बिअर. ऑक्टोबरात चर्चच्या जत्रेला माझ्या हातच्या बिअरचा एक मग त्या टेबलावर आला, तर क्विरिन तो उभ्यानं पिऊन सगळ्यांसमोर म्हणणार, "दाजी, मी चुकलो." नाही आला, तर माझी खुर्ची त्याची.

ही खुर्ची म्हणजे काय ते सांगायला हवं. खानावळीत शेगडीला पाठ लावून एकच खुर्ची बसते. माझ्या आधी ती जुन्या पाद्रीबाबांची होती, आणि त्यांनी ती मला आपल्या शेवटच्या आजारपणात, हात हातात घेऊन दिली होती. त्या खुर्चीतून दार दिसतं, खिडकी दिसते, सगळ्यांच्या हातातले पत्ते दिसतात आणि पाठ शेकत राहते. गावात मला मान आहे तो मास्तरकीमुळे की खुर्चीमुळे, हे मी कधी तपासून पाहिलेलं नाही. तपासायची इच्छाही नव्हती.

दुसऱ्याच दिवशी क्विरिननं त्या खुर्चीच्या मापाची उशी विकत आणली. हिरवी, कडेला झालर असलेली.

आमची नोटबुर्गा एवढंच म्हणाली, "अहो, पैजच लावायची होती तर माझ्या भावाशी कशाला? तो कपटी नाही, पण जिंकतो."

मार्चमध्ये मी एका शेतकऱ्याकडे रोप आणायला गेलो. त्याच्याकडे हॉपच्या वेलींचं रान होतं, आणि मी एक मागितली. त्यानं ऐकू येत नसल्यासारखं पुन्हा विचारलं. मग कडू हवी की सुवासाची, असं विचारलं. मी म्हणालो, मध्यम. त्यानं मला दोन गोष्टी बजावल्या. वेल मादीच हवी, कारण नराचा पराग उडाला तर साऱ्या शिवाराच्या फुलांत बिया धरतात आणि मग गाव तुमच्याशी बोलत नाही. आणि दुसरी, हॉपला वर जायला काहीतरी द्या. नाही दिलं, तर ती स्वतः शोधते.

दुसऱ्या गोष्टीकडे मी नीट लक्ष दिलं नाही. वर्गात ज्या मुलांना मी यासाठी उभं करत असे, त्यांची आता मनोमन माफी मागतो.

रोप लावायला जागा नव्हती. मातीच्या एका बाजूला नोटबुर्गाचे नवलकोल होते आणि दुसऱ्या बाजूला नोटबुर्गा. शेवटी जस्ताचा जुना टब मिळाला, ज्यात आमच्या लेकीला लहानपणी आंघोळ घालत असू. वरच्या मजल्यावर राहणारी माझी नात आफ्रा, वय वर्षं आठ, तिनं तो टब सरळ हातगाडीवर चढवला. तिचं म्हणणं, ऊन सरकतं तर वेलीनंही सरकावं. ती शाळेतून आली की गाडी उन्हामागे ओढत फिरे. वेल इतकी जोमानं वाढली की एप्रिल लागायच्या आत कोंब माझ्या गुडघ्याला आले.

गावाला सल्ला द्यायला निमित्त लागत नाही, इथं तर सबळ कारण होतं. कुणी सांगे की कोंब तीनच ठेवा, कुणी म्हणे दोन. एकानं कोंबडीची शीट घालायला सांगितली, दुसऱ्यानं ती कोंबडी कुठली ते विचारलं. क्विरिन कुंपणावर कोपर टेकून उभा राही आणि काहीच सांगत नसे. ते सगळ्यात वाईट.

मी मात्र आफ्राला शिकवत होतो. हॉपची वेल घड्याळाच्या काट्यासारखी, सूर्याच्या मागे मागे वळसे घेते, तर घेवडा बरोबर उलटा. आफ्राला हे पटलं नाही. तिनं एक कोंब मुद्दाम काठीला उलटा गुंडाळला. सकाळी पाहिलं तर वेलीनं स्वतःला सोडवून घेतलं होतं आणि पुन्हा आपल्या बाजूनं निघाली होती. आफ्रा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, ही आईसारखी आहे."

जंगलातली झाडं पाडून विकणाऱ्या रानवाल्याकडून खांब आला तेव्हा मला शिक्षकाच्या आयुष्यातली सर्वांत घातक गोष्ट सुचली. चित्र काढून दाखवलं की मुलांना पटकन समजतं. खिडक्यांचा पांढरा रंग उरला होता, झडपांचा निळा उरला होता. मी आणि आफ्रानं मिळून त्या खांबावर पट्टी रंगवली. वेल जशी जाणार तशीच, उजवीकडून डावीकडे चढत. वेलीनं नुसतं पट्टीवरून चालत जावं, अशी.

नोटबुर्गा ओले कपडे घेऊन बाहेर आली, थांबली, आणि म्हणाली की हा मे-खांब दिसतो. मी तिला शांतपणे समजावलं, की मे-खांबाची पट्टी डावीकडून उजवीकडे चढते आणि ही उजवीकडून डावीकडे. ज्याला डोळे आहेत त्याला फरक कळेल.

"डोळे सगळ्यांना आहेत," ती म्हणाली. "वेळ कुणाला आहे?"

आता आमच्याकडची एक रीत. मे-खांब उभा होईपर्यंत शेजारच्या गावानं तो पळवायचा असतो. याला चोरी म्हणत नाहीत. खांब खांद्यावरूनच न्यायचा, करवत लावायची नाही, पोलिसांत जायचं नाही. गावानं बिअर आणि जेवण देऊन तो सोडवून आणायचा. नाही आणला, तर पळवणारे तो आपल्या चौकात उभा करतात आणि खाली आपल्या गावाच्या नावाची पाटी लावतात. पण खांब गावाच्या हद्दीत असेतोवर गावातल्या कुणीही, अगदी लहान मुलानंही, त्यावर हात ठेवून म्हटलं की "हा इथंच राहणार", तर तो तिथल्या तिथं खाली ठेवावा लागतो. त्यावर अपील नाही. हे सगळं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आहे. एगलबाखच्या मुलांना आणि ओढ्यापलीकडच्या मोसरीडच्याही, कारण शाळा दोन्ही गावांना मिळून एकच.

मोसरीडचा सेवेरिन खिडकीजवळ बसायचा. पाढे त्याला कधी आले नाहीत.

शेतकऱ्यानं सांगितलं होतं, शनिवारी दुपारी खड्डा खणायला पोरं पाठवतो. शनिवारी दुपारी पोरं आली. आठ-दहा धडधाकट तरुण, पुढे सेवेरिन, टोपी हातात. "गुरुजी, खांब न्यायला आलोय," तो म्हणाला. मला भरून आलं. म्हटलं, बघा, जुने विद्यार्थी कसे धावून येतात. त्यांना मी लिंबाचं सरबत दिलं. सेवेरिन म्हणाला की अंगणात एवढा लांब खांब वळवायला जागा नाही, ओढ्याच्या पुलापाशी नेऊन वळवावा लागेल. रस्ता अरुंद, माझं म्हणणं मला पटलं. म्हणजे त्याचं.

फाटक मी उघडलं. एवढंच नाही, रंग कुठं ओला आहे ते मलाच माहीत असल्यामुळे शेवटचं निमुळतं टोक मी स्वतः धरलं. पुढे ती पोरं, मागे मी, असे आम्ही चर्चवरून गेलो, बेकरीवरून गेलो. माझ्या सूचना चालूच होत्या, की डावीकडे, सावकाश, पट्टीला बोट लावू नका. खानावळीच्या खिडकीतून क्विरिननं बिअरचा मग उंचावला. मी मान लववून उत्तर दिलं. पूल ओलांडला. सेवेरिन थांबला आणि त्यानं टोपी काढली.

"गुरुजी, हद्द संपली. आता हात काढलात तरी चालेल."

मुलांनो, अंगणापासून पुलापर्यंत माझा हात त्या खांबावर होता. गावातून खांब नेताना कुणी इतका वेळ, इतक्या प्रेमानं त्यावर हात ठेवला असेल असं मला वाटत नाही. फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. सेवेरिननं एकही नियम मोडला नव्हता, एकही पायरी गाळली नव्हती. माझ्या तोंडून सवयीनं "शाब्बास" निघून गेलं. त्यानंही सवयीनं मान खाली घातली. मग ते खांब घेऊन गेले.

तासाभरानं शेतकऱ्याची खरी पोरं आली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे खड्डा खणला आणि ती निघून गेली. संध्याकाळी क्विरिन माझं सांत्वन करायला अंधुक उजेडात कुंपण ओलांडून आला आणि त्या खड्ड्यात पडला. आतून त्यानं पहिली गोष्ट विचारली ती ही, की दुसऱ्या कुणाच्या खांबावर वेल चढवली तर मी पैज हरेन याची मला कल्पना आहे ना. शिवाय दुसरा खांब होता कुठे? रानवाला झाडं हिवाळ्यातच पाडतो.

मी पोलिसांना फोन केला. रीत मे-खांबाला लागू आहे, वेलीच्या खांबाला नाही, हे माझं म्हणणं कायद्याला धरून होतं. पलीकडच्या साहेबांनी सगळं सावकाश ऐकून घेतलं. मे-खांब असेल तर परंपरा, ते म्हणाले, आणि वेलीचा असेल तर चोरी. रंग कोणता?

"पांढरा आणि निळा."

"मग परंपरा," ते म्हणाले आणि मला एक मेच्या शुभेच्छा दिल्या.

आफ्रा मावशीकडून परत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला. "तुमचा हात होता ना आजोबा? मग म्हणाला का नाहीत?" दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिनं हाच प्रश्न विचारला. त्यानंतर ती तो विचारत नसे, नुसती माझ्या हाताकडे पाहत असे.

खरं संकट पुढेच होतं. सोमवारी सरपंच इग्नात्स घरी आला. मला वाटलं, सांत्वनाला. त्यानं माझे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं. एगलबाखमध्ये कित्येक वर्षं मे-खांब उभा राहिला नव्हता. तरुण पोरं शहरातल्या कारखान्यांत, खांब उचलायला कोण? मोसरीडवाले यावरून टोमणे मारत. "आणि आता," इग्नात्स म्हणाला, आणि त्याचे डोळे ओले झाले, "आपला खांब चोरीला गेला. म्हणजे आपल्याला खांब होता, गुरुजी."

मी सांगितलं की तो वेलीचा होता. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. मोठी माणसं नेहमी असंच म्हणतात, असा त्या थोपटण्याचा अर्थ होता.

बुधवारी खानावळीत बोलणी बसली. एका बाजूला इग्नात्स आणि गाव, दुसऱ्या बाजूला सेवेरिन आणि त्याचे सोबती. मधोमध मी, कारण वस्तू माझी. आफ्रा माझ्या शेजारी. क्विरिन समोर, मांडीवर उशी. प्रत्येक जण किती बिअर मागणार आणि किती देणार याची मनात तयारी करून आला होता. सेवेरिननं घसा साफ केला आणि चाचरत म्हणाला की एक छोटं पिंप पुरे. जेवण नको. खांब आजच घेऊन जा.

इतकं कमी आजवर कुठल्या गावानं मागितलं नव्हतं. इग्नात्सनं अंग चोरून विचारलं, कारण काय?

"काका, पट्टी उलटी आहे," सेवेरिन म्हणाला. "चौकात उभा केला तर लोकांना वाटेल आम्हीच रंगवला."

सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळली. ज्या माणसानं या गावाला डावं-उजवं शिकवलं त्याच्याकडे. मी खुर्चीतून उभा राहिलो आणि समजावू लागलो, की वेलीच्या दृष्टीनं पट्टी अगदी बरोबर आहे. कुणी ऐकेना. इग्नात्सला एकाएकी उपाय सुचला. खांब उलटा उभा करायचा, बुंधा वर, टोक खाली. म्हणजे पट्टी सुलटी होईल.

होणार नाही, मी म्हणालो. मळसूत्र उलटं धरलं तरी त्याचा वळसा तोच राहतो.

हे सांगून पटणारं नव्हतं, म्हणून मी टेबलावरचा मुळा उचलला. आमच्याकडे पांढरा मुळा असा कापतात की तो एका लांब गोल गोल पट्टीत उलगडतो, मीठ लावून बिअरबरोबर खातात. मी तो सरळ धरला. वळसा या बाजूनं. उलटा धरला. वळसा त्याच बाजूनं. इग्नात्स म्हणाला, मुळ्याचं काय सांगता, हा खांब आहे. कुणी म्हणालं, मुळा उलटा करून काय होतं, बघणाऱ्यानं उलटं व्हायला हवं. बेकरीवाला लगेच वाकला आणि स्वतःच्या पायांमधून पाहू लागला. मग आणखी दोघं वाकले. वाकलेल्यांत आणि उभ्यांत वाद सुरू झाला. मोसरीडचे पाहुणे आधी संकोचले, मग त्यातलेही तिघं वाकले. जन्मात माझा वर्ग इतका तन्मय झाला नव्हता. मी मुळा हळूहळू फिरवत होतो, अगदी शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असा. बहुतेकांना पटू लागलं होतं, इतक्यात इग्नात्सनं विचार करता करता तो मुळा माझ्या हातातून घेतला आणि खाऊन टाकला.

पुरावा गेला. उरला फक्त अपमान, आणि गाव तो सहन करणारं नव्हतं. इग्नात्सनं टेबलावर मूठ आपटली. पट्टी कशीही असो, एगलबाखचा खांब एका छोट्या पिंपाला सुटणार नाही. दोन मोठी पिंपं घ्या. सेवेरिन म्हणाला, काका, एक छोटं. इग्नात्स म्हणाला, दोन मोठी, आणि सगळ्यांना डुकराचं भाजलेलं मांस, बटाट्याचे गोळे. सेवेरिन गयावया करू लागला. बोलणी दोनदा मोडली. शेवटी मोसरीडवाल्यांना दोन पिंपं आणि पूर्ण जेवण जवळजवळ बळजबरीनं घ्यावं लागलं, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

मी इग्नात्सला बाजूला घेऊन विचारलं, की आता खांब माझ्या अंगणात कधी येईल.

"अंगणात?" तो म्हणाला. "गुरुजी, गाव एवढं जेवण देणार ते तुमच्या अंगणासाठी? चौकात उभा राहणार. रंगवायला आता वेळ नाही, उलट्या पट्टीसकट. पण तो तुमचा आहे, हे मी माईकवरून सांगेन."

म्हणजे खांब सुटला नसता तर मोसरीडचा, सुटला म्हणून एगलबाखचा, आणि माझा कुठल्याच परिस्थितीत नाही. समोर क्विरिन उशीची झालर बोटांनी सारखी करत होता.

इकडे घरी वेलीला शेतकऱ्याचा शब्द खरा करायचा होता. तिला वर जायला काही दिलं नव्हतं, तेव्हा ती शोधत होती. सोमवारी तिनं कपडे वाळत घालायची दोरी धरली आणि नोटबुर्गाच्या झग्याच्या बाहीतून आत शिरून गळ्यातून बाहेर आली. मंगळवारी क्विरिनची सायकल. गुरुवारी मी तिच्याजवळ खुर्ची टाकून विचार करत बसलो होतो. विचार लांबला, आणि उठलो तर खुर्ची बरोबर उठली. आफ्रा रोज संध्याकाळी सगळे कोंब सोडवून आणे आणि टबाच्या कडेला गोळा करून ठेवी. टोकं वाकलेली, मलूल. वेलीला आधार न मिळाल्यास ती स्वतःभोवतीच गुंडाळते आणि मग त्या वर्षी तिचं काही होत नाही, असं शेतकऱ्यानं फोनवर सांगितलं. किती दिवस आहेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, थोडेच.

मी आफ्राला सांगितलं की काही वेळा माणसानं हार मानायला शिकावं. मी शिक्षक आहे, हेही शिकवावं लागतं. ती म्हणाली, "हा धडा पुस्तकात आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग मी नाही शिकत," ती म्हणाली आणि गाडी उन्हात ओढून घेऊन गेली.

एक मे उजाडला. चौकात बाक मांडले, बँड आला, मोसरीडचे सगळे पाहुणे संकोचत जेवायला आले. नियमानं त्यांनीच खांब खांद्यावरून परत आणला, आणि आमच्याकडे उचलणारी पोरं कमी म्हणून त्यांनीच उभाही केला. शिड्या, दोर, आरोळ्या यांच्या गडबडीत मी एकदाही पुढे झालो नाही. हात खिशात ठेवले होते. खांब उभा राहिला. सुंदर दिसत होता. पट्टी निळ्या आकाशात उजवीकडून डावीकडे चढत गेली होती, आणि चौकातले निम्मे लोक मान तिरकी करून उभे होते.

इग्नात्स माईकवर आला. गावाची इभ्रत, परंपरा, वडीलधारे असं पुष्कळ बोलला. मग शब्द पाळण्यासाठी म्हणाला, "आणि हा खांब कुणाचा? हा खांब आमच्या गुरुजींचा." टाळ्या झाल्या. क्विरिननंही वाजवल्या, उशी काखेत धरून. ती त्यानं चौकातल्या कठीण बाकासाठी आणली होती. तिची सवय व्हावी म्हणून, असं तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या तसा एक करकर आवाज ऐकू आला. चाकाला तेल नसलेल्या हातगाडीचा.

आफ्रा चर्चच्या बाजूनं येत होती. गाडीवर जस्ताचा टब, टबात वेल, कोंब वाऱ्यावर डोलत. बँडमधून वाट काढत ती खांबापाशी आली, गाडी बुंध्याला टेकवली, चाकाखाली दगड लावला. मग तिनं एक कोंब उचलला आणि खांबाच्या निळ्या पट्टीवर ठेवला. पट्टी डावीकडे वळली, कोंब तिच्याबरोबर वळला. दुसरा कोंब ठेवला, तोही वळला. जिथं पट्टी जाते तिथं वेल जात होती, जणू शाळेच्या रांगेत निघाली आहे. मोसरीडच्या टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं, अरे, सुलटी आहे.

पहिला क्विरिन सावरला. तो उठून पुढे आला आणि म्हणाला की हे चालणार नाही, खांब आता गावाचा, दाजींचा नाही.

"क्विरिनआजोबा, तुम्हीच टाळ्या वाजवल्यात," आफ्रा म्हणाली.

क्विरिननं इग्नात्सकडे पाहिलं. इग्नात्सनं माईककडे पाहिलं. मग त्यानं सरपंचाच्या आवाजात सांगितलं, की बाळ, मे-खांबावर वेल चढवत नाहीत, कधी कुणी चढवली नाही, ती गाडी घरी घेऊन जा. दोघं-तिघं गाडी हलवायला पुढे झाले. मी खिशातून हात काढले, पण नेहमीप्रमाणे वाक्य मागे राहिलं.

आफ्रानं एक हात टबावर ठेवला. दुसरा खांबावर. आणि वर्गात उत्तर देतात तशा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "ही इथंच राहणार."

पुढे झालेले जागच्या जागी थांबले. गावातलं मूल, गावाची हद्द, हात ठेवलेला, वाक्य म्हटलेलं. त्यावर अपील नाही, हे तिथल्या प्रत्येकाला मीच शिकवलं होतं. सगळ्यात आधी मोसरीडच्या टेबलावरून सेवेरिन उठला आणि त्यानं टोपी काढली. मग बेकरीवाल्यानं. मग, बराच वेळ इकडेतिकडे बघून, इग्नात्सनं.

क्विरिन तेवढा तसाच उभा होता, काखेत उशी घेऊन, वर पट्टीकडे बघत. ऑक्टोबर तिथून कसा दिसतो ते बहुधा तो पाहत होता.

आफ्रानं खांबावरचा हात काढला नाही. दुसरा हात तिनं टबावरून उचलला आणि क्विरिनच्या काखेतली उशी हळूच ओढून घेतली. ती खांबाच्या पायथ्याशी ठेवली, झालर नीट केली आणि वेलीवर पहारा करायला तिच्यावर मांडी घालून बसली.